स्क्रॅच पडलेली सेटअप सीडी आणि डीडीरेस्क्यू: काय निघतं, काय निघत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये मशीनशेजारी अजून विंडोज एक्सपीवरचा पीसी चालू असतो आणि त्याच्या सॉफ्टवेअरची एकुलती एक सीडी ड्रॉवरमध्ये ड्रिल बिटांच्या सोबतीनं पडलेली असते. डीटीपीवाल्यांकडे जुन्या फॉन्टच्या सीडीची गत तीच. हार्डडिस्क गेली की सीडीची आठवण होते, आणि कॉपी निम्म्यावर ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ (म्हणजे डेटा नीट वाचता आला नाही) म्हणून थांबते. या कामासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे फुकट मिळणारं लिनक्सवरचं साधन आजही सगळ्यांत भरवशाचं आहे. फक्त त्याला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर टाइप करावं लागतं.

आधी डिस्क उजेडासमोर धरा. सीडीत डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लॅकरचा पातळ लेप. लेबलच्या बाजूनं टोकदार काही लागून आरपार उजेड दिसत असेल तर तिथला डेटा गेला. कुठलंही सॉफ्टवेअर आणि कुठलंही पॉलिश तो आणत नाही. खालच्या बाजूचा ओरखडा मात्र १.२ मिलिमीटर जाड प्लॅस्टिकवर असतो, तिथं आशा आहे. डीव्हीडीत थर मधोमध, ०.६ मिलिमीटरवर असतो, म्हणून लेबलकडची बाजू तिला तेवढी नाजूक नाही.

चऱ्याची दिशाही बघा. सीडीची स्वतःची दुरुस्ती यंत्रणा ट्रॅकवरची (डेटाच्या गोल फिरत जाणाऱ्या रेघेवरची) साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट भरून काढते. मधून काठाकडे गेलेला चरा ट्रॅकला आडवा छेदतो, त्यामुळे बहुतेकदा निभावतो. गोल फिरलेला बारीकसा चरा ट्रॅकच्या बाजूनं लांबवर जातो आणि तोच घात करतो.

फाउंड्रीच्या पट्ट्यातल्या डिस्कवर वाळूची धूळ असते. ती कॉटन वेस्टनं कोरडी पुसली की नवे चरे ओढलेच म्हणून समजा. नळाखाली धरा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटानं हलकेच, मग मऊ कापडानं मधून काठाकडे टिपा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावलं की प्लॅस्टिक पांढुरकं पडतं. गुजरीतल्या सोनारांच्या बफिंग मोटरवर चकाकी येईल हा विचारही नको, त्या वेगाच्या उष्णतेनं पृष्ठभाग मऊ होऊन ढगाळतो. पॉलिश करायचंच तर ऑटो स्पेअरच्या दुकानातलं बारीक रबिंग कंपाउंड, हातानं, मधून काठाकडे. पण ते दुसऱ्या फेरीला. पहिली इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, पॉलिशआधीच काढायची, कारण पॉलिश बिघडलं तर परतीची वाट नसते.

उबुंटू लिनक्सवर डीडीरेस्क्यू बसवताना एक गोची आहे: पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’, चालवताना टाइप करायचं ‘डीडीरेस्क्यू’. मधे अंडरस्कोर असलेला ‘डीडी_रेस्क्यू’ हा वेगळाच प्रोग्राम. पहिली फेरी कमांडला ‘मायनस एन’ (-n) आणि ‘मायनस बी २०४८’ (-b 2048) हे पर्याय घालून: सोपं तेवढं उचला, अडलं ते सोडून पुढे चला. २०४८ बाइट म्हणजे डेटा सीडीचा एक सेक्टर, वाचायचा सगळ्यांत लहान तुकडा. दुसऱ्या फेरीत ‘मायनस एन’ काढून ‘मायनस डी’ (-d, थेट ड्राइव्हवरून वाचणं) आणि ‘मायनस आर ३’ (-r 3, अडलेल्या जागी आणखी तीन प्रयत्न). ‘डी’ दिला नाही तर लिनक्स मधल्या मधे मोठे तुकडे वाचतं आणि एका खराब सेक्टरपायी शेजारचे चांगलेही बुडतात.

या साधनाचा खरा जीव मॅपफाइलमध्ये आहे. कुठला सेक्टर आला, कुठला राहिला याची नोंद तिच्यात राहते. लाइट गेली तरी तीच कमांड पुन्हा द्या, काम राहिलं तिथून पुढे सुरू होतं. शिवाय डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच इमेज आणि तीच मॅपफाइल दिली की फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात. प्रत्येक ड्राइव्हची लेन्स वेगळी, नजर वेगळी. लॅपटॉपच्या बारक्या यूएसबी रायटरनं सोडलेले सेक्टर जुन्या डेस्कटॉपच्या आत बसणारा जाड साटा (SATA) रायटर बऱ्याचदा उचलतो. दहा वेळा ‘आर’ वाढवण्यापेक्षा दोन ड्राइव्ह बदलणं केव्हाही बरं.

आता टक्केवारी. पडद्यावर ९९.९८ टक्के दिसलं की हायसं वाटतं, पण सेटअप सीडीत हा आकडा फसवा आहे. फोटोंच्या सीडीत एक सेक्टर गेला तर एखादा फोटो बिघडेल. इथं सगळं सॉफ्टवेअर एखाद्या मोठ्या कॅब फाइलमध्ये दाबून भरलेलं असतं, आणि तिच्यातला एकच सेक्टर गेला तरी सेटअप अडू शकतो. उलट दोनशे सेक्टर डेमो व्हिडिओतले किंवा सोबत दिलेल्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमधले असतील तर काहीच बिघडत नाही. म्हणून किती गेलं यापेक्षा काय गेलं ते शोधा. इमेजची एक प्रत करा, डीडीरेस्क्यूच्या ‘फिल मोड’नं त्या प्रतीतल्या खराब जागी एखादा ठळक शब्द भरा, ती प्रत माउंट करा, म्हणजे सीडी घातल्यासारखी उघडा, आणि ‘ग्रेप’ या शोधायच्या कमांडनं तो शब्द सगळ्या फाइलींत शोधा. ज्या फाइलींची नावं येतील तेवढ्याच जखमी. मायक्रोसॉफ्टची कॅब सेव्हन-झिपमध्ये ‘टेस्ट’ करता येते, इन्स्टॉलशील्ड या सेटअप बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कॅबसाठी ‘अनशील्ड’ हा प्रोग्राम लागतो.

घरी राइट केलेल्या सीडीत अगदी शेवटचे दोन सेक्टर वाचले गेले नाहीत तर घाबरू नका, राइट करण्याच्या एका पद्धतीत ते तसेच राहतात. ऑडिओ सीडी या साधनाचं काम नाही. कव्हरवरची सीरियल की आणि पॅरलल पोर्टला लावायचा डाँगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) हेही इमेजमध्ये येत नाहीत, ते आधी शोधून ठेवा.

सगळं करूनही कॅब अडली तर त्याच आवृत्तीची दुसरी सीडी शोधा, ती चरे पडलेली असली तरी चालते. दोन्हींचे चरे सहसा एकाच जागी नसतात, त्यामुळे तीच मॅपफाइल देऊन राहिलेले सेक्टर तिच्यावरून भरता येतात. एकाच वेळी सॉफ्टवेअर घेतलेले छापखाने याबाबतीत एकमेकांच्या उपयोगी पडतात. फक्त भोकाभोवतीच्या चकचकीत कड्यावर बारीक छापलेला मॅट्रिक्स नंबर दोन्हींवर तंतोतंत एक आहे का ते भिंगानं बघा. नंबर वेगळा असेल तर ती डिस्क तशीच परत द्या. अर्धी ही, अर्धी ती अशी इमेज माउंट होते, सेटअपही सुरू होतो, आणि मग कुठे, कशानं अडला ते शोधण्यात दिवस जातो.