मशीनविना बारीक कुरळे केस: जाळीच्या नळ्यांचा अनुभव

जानेवारीत मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि तिच्या नाचातील सर्व मुलींनी बारीक कुरळ्या केसांनी यावे, असे बाईंनी ठरवून टाकले होते. बारीक म्हणजे लग्नाच्या वेळी पार्लरमध्ये सोडतात तशा मोठ्या लाटा नव्हेत, तर कानापासून खांद्यापर्यंत स्प्रिंगसारख्या वेटोळे घेत उतरणाऱ्या बटा. घरात कर्लिंग मशीन आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या केसांना दीडशे-दोनशे अंशांची सळई टेकवायला माझे मन तयार होईना. तीन वर्षांपूर्वी मीच घाईघाईत ओलसर केसांवर ते मशीन चालवले होते, तेव्हा चर्र असा आवाज होऊन निघालेली वाफ मी अजून विसरलेले नाही. पाणी शंभर अंशांना उकळते आणि केसाच्या आत अडकलेले पाणी त्या सळईवर उकळले की केस आतूनच फुटतो, हे मला नंतर कळले. त्या बटेची टोके शेवटी कापून टाकावी लागली.

म्हणून लातूरच्या गंजगोलाईत, जिथे १६ रस्ते येऊन मिळतात आणि टिकलीपासून तांब्याच्या घागरीपर्यंत काय हवे ते मिळते, तिथल्या एका दुकानातून ‘स्पायरल कर्लर’चे पाकीट ३५० रुपयांना आणले. पाकिटावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. आत प्लास्टिकच्या विणीव जाळीच्या १८ चपट्या नळ्या असून त्या मुळातच सर्पिल आकारात वळवलेल्या आहेत. त्यातील नऊ गुलाबी आणि नऊ हिरव्या आहेत. हा रंगांचा फरक शोभेसाठी असावा असे मला वाटले होते, परंतु गुलाबी नळी एका दिशेने वळते आणि हिरवी दुसऱ्या दिशेने. एकाआड एक लावल्यास शेजारच्या दोन बटा एकमेकींत शिरून एकच जाड दोर होत नाही. ही गोष्ट पाकिटावर कुठेही लिहिलेली नाही आणि दुकानदारालाही ती ठाऊक नव्हती. सोबत दोन तुकडे जोडून तयार होणारी प्लास्टिकची एक लांब आकडी असते. ती नळीतून ओवून तिच्या तोंडात केसांची बट अडकवायची आणि आकडी खाली ओढून घ्यायची, की बट नळीत ओढली जाते. नळी सोडली की ती आपल्या मूळ वेटोळ्यावर जाते आणि आतल्या केसांनाही तोच वळसा मिळतो.

उष्णतेशिवाय केस वळतात कसे, हे समजून घेतल्याखेरीज या वस्तूचा नीट उपयोग करता येत नाही, असे माझे मत झाले आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या ज्या बंधांनी एकमेकींना धरून असतात, त्यांतील हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना नव्याने जुळतात. म्हणजे केस ज्या आकारात वाळेल, तो आकार पुढच्या न्हाण्यापर्यंत त्याच्याकडे राहतो. गंधकाचे पक्के बंध मात्र पाण्याला दाद देत नाहीत. ते रसायनाने तोडून पुन्हा जोडले, तरच पार्लरमधले महिनोन्महिने टिकणारे कुरळेपण मिळते. तेव्हा या नळ्या केस ‘कुरळे करतात’ असे म्हणण्यापेक्षा केस वाळेपर्यंत त्यांना वळणात धरून ठेवतात असे म्हणणे योग्य ठरेल. खरे काम वाळण्याचे आहे, आणि पाकिटावर त्याबद्दल छापलेले ‘फक्त दोन तासांत’ हे आश्वासन आमच्या घरात एकदाही खरे ठरले नाही.

पहिल्या प्रयोगाच्या वेळी मी ठार चूक केली. न्हाऊन आलेल्या मुलीचे केस नुसते टॉवेलने टिपून, पाणी निथळत असतानाच नळ्या चढवायला घेतल्या. सगळ्या चढवायला सव्वा तास लागला. रात्री साडेनऊला ती झोपायला गेली तेव्हा डोक्याभोवती गुलाबी-हिरवी वेटोळी लोंबत होती. सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, “काय करायलीस गं हे? पोरीच्या डोक्यावर कुरडया वाळत घातल्यास की काय!” सकाळी सहाला नळ्या काढल्या तेव्हा बाहेरचे केस वाळलेले, पण नळीच्या आतली बट हाताला गार लागत होती. वेटोळी दिसली खरी. मात्र चहा होईपर्यंत ती सैल पडून नुसते पिंजारलेले केस उरले. सासूबाईंचे म्हणणे तेवढ्यावरच थांबले नव्हते: “वाळल्याबिगर कुरडई उचलली की मोडतीच की.” त्या वेळी मला राग आला, पण संपूर्ण पाकिटावर नसलेली सूचना त्या एका वाक्यात होती. स्नेहसंमेलनाला अजून नऊ दिवस होते, म्हणून निभावले. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्या शहरात फसलेल्या प्रयोगासाठी पुन्हा डोक्यावरून पाणी घेणे जिवावर येते, हेही नमूद करते.

दुसऱ्या वेळी दुपारी न्हाणे झाल्यावर मुलीला गच्चीवर बसवले. जानेवारीतील कोरडी हवा आणि ऊन यांमुळे तासाभरात केस जवळजवळ वाळले. मुळाशी हात घातला तर कोरडे आणि टोकांना किंचित दमट, अशा अवस्थेत नळ्या घातल्या. या वेळी प्रत्येक बट शिसपेन्सिलीहून जाड होऊ दिली नाही, कारण जाड बट आकडीत अडकते, तिला झटका द्यावा लागतो आणि मुलगी ओरडते. कपाळालगतच्या केसांना ताण बसू नये म्हणून तिथली नळी मुळापासून बोटभर खाली सोडली. १८ नळ्या पुरल्या नाहीत, हे सांगायलाच हवे. खांद्यापर्यंतचे, मध्यम दाट केस असले तरी पातळ बटा घ्यायच्या म्हटल्यावर तीसेक नळ्या लागतात, त्यामुळे दुसरे पाकीट आणावे लागले आणि खर्च सातशेवर गेला. रात्रभर ठेवून सकाळी एक नळी काढून पाहिली, ती पूर्ण कोरडी लागल्यावरच उरलेल्या काढल्या. काढताना नळी ओढायची नसते. वरचे तोंड दाबून उघडायचे आणि नळी सरळ करत खाली सरकवायची. त्यानंतर कंगवा किंवा फणी अजिबात लावायची नाही. तळव्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून प्रत्येक वेटोळे बोटांनी फक्त दोन भागांत सोडवायचे. असे केल्यावर सकाळी सातला तयार झालेले केस रात्री नऊच्या नाचापर्यंत टिकले, आणि नाचातल्या दोघींच्या आयांनी कोणत्या पार्लरमध्ये गेला होतात, असे विचारले.

आता तक्रारी. आकडी अतिशय तकलादू आहे. तिचे दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथला खिट्टा चौथ्याच दिवशी तुटला. बदलून मागितल्यावर दुकानदाराने पाकीट उघडले आहे एवढे कारण सांगून हात वर केले. नळ्या वर्षभर टिकतील अशा आहेत, पण आकडी गेली की त्या निरुपयोगी. घरातील वायरिंगच्या कामातून उरलेली जाड तार दुमडून, तिचे टोक चिकटपट्टीने गुंडाळून आम्ही आता भागवतो आहोत. दुसरी तक्रार लांबीबद्दल. नळी ताणून मोजली तर ती ४५ सेंटिमीटर भरते. माझे केस कमरेपर्यंत असल्यामुळे नळीच्या खालून वीतभर सरळ केस बाहेर आले आणि वर वेटोळी, खाली शेपटी असे ध्यान तयार झाले. ज्यांचे केस पाठीच्या मध्यापलीकडे जातात त्यांनी या नळ्यांवर पैसे घालू नयेत. तिसरी गोष्ट अशी की पाकिटावरच्या चित्रातली मुलगी दाखवते तितके बारीक वेटोळे या नळ्यांनी पडत नाही. या नळीचे वळण साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढे आहे. वेटोळ्याचा आकार ज्या वस्तूभोवती केस वळला तिच्या जाडीवर ठरतो, तेव्हा त्याहून बारीक हवे असेल तर नळी कितीही वेळ ठेवून उपयोग नाही.

बारीक वेटोळ्यांसाठी शीतपेयाच्या स्ट्रॉभोवती केस गुंडाळतात. परंतु १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे आणि दुकानात मिळणारी कागदी स्ट्रॉ दमट केसांचा वेढा बसताच पिचून जाते, हे मी करून पाहिले. शेवटी हाताशी आली ती सासूबाईंची जुनी सुती साडी. तिच्या बोटभर रुंद आणि वीतभर लांब चिंध्या फाडल्या, प्रत्येक चिंधीला पीळ घातला आणि पातळ बट टोकापासून मुळापर्यंत तिच्याभोवती गुंडाळत नेऊन दोन टोकांची गाठ मारली. केसांचे वेढे एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी बसवावे लागतात. ते एकावर एक चढले तर आतला वेढा वाळत नाही. कापूस पाणी शोषतो, त्यामुळे चिंधीवरचे केस प्लास्टिकच्या जाळीतल्या केसांपेक्षा लवकर वाळले, आणि झोपताना डोक्याला काही टोचलेही नाही. माझ्या कमरेपर्यंतच्या केसांना चिंध्यांनी मुळापासून टोकापर्यंत सारखे, करंगळीएवढे वेटोळे पडले. नळ्यांच्या बाजूने एवढेच म्हणेन की त्यांनी पडणारे वळण अधिक रेखीव असते आणि नवख्या हातालाही ते साधते. चिंधीला मात्र हाताला सवय लागते, आणि पहिल्या दिवशी माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूच्या बटा डावी-उजवी अशा कशाही वळल्या होत्या.

दोन्ही प्रकारांत केसांना धरून ठेवायला काहीतरी लागते. बाजारचा जेल वापरून पाहिला, केस काथ्यासारखे झाले. त्याऐवजी जवसाचा जेल घरी करता येतो. आपल्याकडे चटणीसाठी जवस घरात असतोच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे तार धरू लागले की लगेच उतरवून गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचे. गार झाल्यावर तो कापडातून उतरतच नाही, हा धडा मी पंचा पिळून पिळून घेतला. सुपारीएवढा जेल तळव्यांवर पसरून बटांना लावला तर पुरे; जास्त लावल्यास वाळल्यावर पांढरे कण सुटतात आणि काळ्या कपड्यांवर ते कोंड्यासारखे दिसतात. त्यात टिकवण्यासाठी काही घातलेले नसल्यामुळे तो फ्रीजमध्येही आठवडाभरच ठेवावा. बोअरच्या जड पाण्याने न्हायल्यावर केस राठ होतात आणि त्यावर वळण नीट बसत नाही. म्हणून शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतला, तर फरक जाणवतो.

जुलैत पावसाची झड लागलेली असताना एका बारशासाठी पुन्हा नळ्या लावल्या. रात्रभर पंखा चालू ठेवूनही आतल्या बटा सकाळी दमटच होत्या, आणि ज्या वाळल्या त्यांचे वेटोळे दुपारी पान वाढेपर्यंत उतरले. हवेतील ओलावाही हायड्रोजनचे बंध सैल करतो, त्यामुळे हा दोष नळ्यांवर घालणे अन्यायाचे होईल. उलट एप्रिलमध्ये, ४१-४२ अंशांच्या उन्हाळ्यात, भारनियमनाने पंखा बंद असतानाही दुपारच्या तीन तासांत केस कडक वाळले होते. ज्यांना ओल्या डोक्याने झोपल्यावर सर्दी होते त्यांनी रात्रीचा नाद सोडून उन्हाळ्यातील दुपारच धरावी.

खांद्यापर्यंत केस, हिवाळा किंवा उन्हाळा आणि हाताशी एक मोकळी संध्याकाळ असेल, तर दोन पाकिटांचे सातशे रुपये वसूल होतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी तुळशीच्या लग्नानंतर येणाऱ्या नणंदेच्या हळदीसाठी नळ्या मागून नेल्या. नणंदेचा शेपटा कमरेच्या खाली येतो हे मला ठाऊक आहे, म्हणून नळ्यांच्या पिशवीत तारेच्या आकडीबरोबर त्या साडीच्या उरलेल्या तीस चिंध्याही धुऊन, घडी घालून ठेवल्या.