जर्नलडी, आरसिसलॉग की सिसलॉग-एनजी: नाशिकच्या छोट्या सर्व्हर-खोलीसाठी कोणता लॉग-व्यवस्थापक?

रात्री वीज जाते, यूपीएस काही वेळ तग धरतो आणि मग सर्व्हर बंद पडतो. सकाळी तो सुरू होतो, पण ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालत नाही. रात्री काय घडलं हे पाहायला लॉग, म्हणजे यंत्रावरच्या घडामोडींची नोंद, उघडावा, तर पहिलीच ओळ सकाळची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्यांच्या कार्यालयांत लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. लॉग कोणी लिहायचा, कुठे लिहायचा आणि किती दिवस ठेवायचा, हे शांतपणे ठरवायचं राहून गेलेलं असतं. लिनक्सच्या वितरणाने (उबुंटू, रेड हॅट वगैरे) जे बसवून दिलं तेच चालू असतं. जर्नलडी, आरसिसलॉग आणि सिसलॉग-एनजी हे लॉग गोळा करून लिहिणारे तीन प्रोग्रॅम; त्यांतला कोणता घ्यायचा हा प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगतो. एकच सर्व्हर असेल तर जर्नलडी पुरे, फक्त त्याची साठवण कायमस्वरूपी करून घ्या. फायरवॉल, स्विच किंवा दुसरा सर्व्हर यांचे लॉग एका जागी गोळा करायचे असतील तर आरसिसलॉग घ्या. सिसलॉग-एनजी हे उत्तम सॉफ्टवेअर आहे, पण नाना प्रकारच्या उपकरणांचे लॉग फोडून, छाटून पुढे पाठवायचे असतील तरच ते उपयोगी पडतं. ही निवड मी वैशिष्ट्यांची यादी पाहून करत नाही. लॉग येईनासा झाला की नेमकं कुठे अडलंय हे कोण लवकर सांगतं, ही माझी कसोटी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. मूळ सिसलॉग १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कलीत सेंडमेलसाठी लिहिला. सिसलॉग-एनजी बालाझ शायडलर यांनी १९९८ मध्ये सुरू केला, आरसिसलॉग रायनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये. जर्नलडी हा सिस्टमडीचा (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा) भाग म्हणून २०११ मध्ये जाहीर झाला. आरसिसलॉग आणि सिसलॉग-एनजी साधा मजकूर लिहितात, जर्नलडी बायनरी फाइल लिहितो. त्यामुळे त्याची फाइल ‘ग्रेप’सारख्या मजकूर शोधणाऱ्या साधनाने वाचता येत नाही, त्यासाठी ‘जर्नलसीटीएल’ लागतं.

वीज गेल्यावर काय उरतं

आपल्याकडे सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. जर्नलडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘स्टोरेज’ची मूळ किंमत सहसा ‘ऑटो’ असते. म्हणजे ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी असेल तर लॉग डिस्कवर जातो, नसेल तर ‘/रन’खाली, म्हणजे मेमरीत. उबुंटूवर ही डिरेक्टरी आधीपासून असते. रेड हॅट कुळातल्या वितरणांवर सहसा नसते, कारण तिथे कायमचा लॉग लिहिण्याचं काम आरसिसलॉग करतो. अशा यंत्रावरून कोणी ‘जर्नलडी आहेच की’ म्हणून आरसिसलॉग काढून टाकला, तर प्रत्येक रीबूटला मागचा इतिहास पुसला जातो. ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ चालवा. मध्ये रीबूट झालेल्या सर्व्हरवरही एकच बूट दिसला तर साठवण मेमरीतच आहे असं समजा. ‘स्टोरेज=पर्सिस्टंट’ लिहून सेवा रीस्टार्ट करा, आणि ‘जर्नलसीटीएल --फ्लश’ने आतापर्यंतचा लॉग डिस्कवर उतरवून घ्या.

डिस्कवर लिहूनही एक फट उरतेच. जर्नलडी साध्या नोंदी दर ५ मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करतो. ‘क्रिटिकल’ आणि त्यावरच्या पातळीच्या नोंदी मात्र लगेच. वीज अचानक गेली तर शेवटची काही मिनिटं हातची जाऊ शकतात, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असतात. ‘सिंकइंटर्व्हलसेक’ कमी करता येतं. अर्धवट लिहिलेली जर्नल फाइल जर्नलडी नावाच्या शेवटी लाटेचं चिन्ह लावून बाजूला ठेवतो आणि नवी सुरू करतो. ही फाइल पुष्कळदा बऱ्यापैकी वाचता येते, म्हणून घाईने पुसू नका.

आरसिसलॉगची मजकूर फाइल अशा वेळी जास्त सोपी जाते. शेवटची ओळ तुटलेली असली तरी वरचं सगळं कुठल्याही एडिटरमध्ये उघडतं. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी वेगळं साधन लागत नाही. या एका बाबतीत मजकूर फाइलला मी नक्कीच वरचा नंबर देईन.

ओळ येत नाही, तेव्हा कुठे शोधायचं

सिस्टमडी असलेल्या यंत्रावर ‘/डेव्ह/लॉग’ हे दार जर्नलडीच्या ताब्यात असतं. प्रोग्रॅम तिथे संदेश टाकतो, जर्नलडी तो घेतो आणि आरसिसलॉग किंवा सिसलॉग-एनजी त्याच्याकडून उचलतात. म्हणून कुठलाही पर्याय असला तरी पहिली चाचणी एकच. ‘लॉगर’ आदेशाने एक संदेश टाका आणि आधी ‘जर्नलसीटीएल’मध्ये शोधा. तिथे दिसला आणि ‘/व्हार/लॉग/मेसेजेस’मध्ये (डेबियन-उबुंटूवर ‘/व्हार/लॉग/सिसलॉग’मध्ये) नसला, तर दोष आरसिसलॉगच्या बाजूला आहे. ‘जर्नलसीटीएल’मध्येच नसला, तर आरसिसलॉगची फाइल उघडण्यात वेळ घालवू नका.

आरसिसलॉगमध्ये ‘आरसिसलॉगडी -एन१’ने (कॅपिटल एन) वाक्यरचना तपासता येते. पण ती फक्त वाक्यरचनाच तपासते. ‘/डेटा/लॉग्स’मध्ये लिहा असा नियम अगदी शुद्ध असला तरी तिथे लिहायची परवानगी आहे का, हे ती सांगत नाही. उबुंटूवर आरसिसलॉग रूटचे अधिकार सोडून ‘सिसलॉग’ या वापरकर्त्याने चालतो, त्यामुळे रूटच्या मालकीच्या डिरेक्टरीत तो अडतो. रेड हॅट कुळात एसईलिनक्स (कोणत्या प्रोग्रॅमने कुठे हात लावायचा हे ठरवणारी सुरक्षा-व्यवस्था) नव्या डिरेक्टरीला किंवा नव्या पोर्टला नकार देतो. एसईलिनक्स बंद करून ‘चाललं बुवा’ म्हणणारे भेटतात. तसं करू नका. ‘एयूसर्च’मध्ये नकाराची नोंद असते. ती वाचून डिरेक्टरीला योग्य लेबल द्या.

नियमांचा क्रम ही आरसिसलॉगमधली दुसरी नेहमीची अडचण. फाइल वरून खाली वाचली जाते, आणि मध्ये कुठे ‘स्टॉप’ असेल तर तो संदेश पुढच्या नियमांपर्यंत पोहोचतच नाही. ‘/इटीसी/आरसिसलॉग.डी’मधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून त्यांची नावं आकड्यांनी सुरू करण्याची पद्धत आहे.

सिसलॉग-एनजी इथे जास्त स्पष्ट आहे. सोर्स, फिल्टर, डेस्टिनेशन आणि त्यांना जोडणारं ‘लॉग’ वाक्य अशी त्याची मांडणी आहे. संदेश कुठून कुठे जातो ते वाचतानाच कळतं. ‘सिसलॉग-एनजी -एस’ने वाक्यरचना तपासता येते, आणि ‘सिसलॉग-एनजी-सीटीएल स्टॅट्स’ प्रत्येक वाटेवर किती संदेश गेले आणि किती टाकून दिले याचे आकडे देतं. आरसिसलॉगमध्ये असे आकडे हवे असतील तर ‘इम्पस्टॅट्स’ मॉड्यूल वेगळं चालू करावं लागतं. ते करून ठेवाच.

जर्नलडीत नियमच नाहीत, त्यामुळे चुकीचा नियम लिहिण्याची भीतीही नाही. पण त्याच्या कॉन्फिगरेशनचे तुकडे वेगवेगळ्या जागी असू शकतात. शेवटी काय लागू झालं ते ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ कॅट-कॉन्फिग’ एकत्र दाखवतं.

ओळी अधूनमधून गायब होत असतील तर वेगमर्यादेचा संशय घ्या. जर्नलडी मुळात एका सेवेकडून ३० सेकंदांत १०,००० संदेश घेतो (डिस्क मोकळी असेल तर मर्यादा वाढते), बाकीचे टाकतो आणि ‘सप्रेस्ड’ अशी नोंद करतो. आरसिसलॉग ‘इमजर्नल’ मॉड्यूलने वाचत असेल तर तिथे आणखी एक मर्यादा आहे: ६०० सेकंदांत २०,०००. म्हणजे धान्य दोन चाळण्यांतून जातं, आणि पहिली मोठी करूनही दुसरी तशीच राहिलेली असते. संदेशांचा मारा करणारं एखादं बिघडलेलं ॲप असलं की हे हमखास दिसतं.

रोटेशननंतर (जुनी लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू केल्यावर) लॉग थांबला असेल तर डेमन, म्हणजे मागे सतत चालणारा लॉग-प्रोग्रॅम, अजून जुन्याच फाइलमध्ये लिहीत असतो, कारण फाइली फिरवणाऱ्या लॉगरोटेटने त्याला फाइल पुन्हा उघडायला सांगितलेलं नसतं. डिस्क भरली आहे पण मोठी फाइल कुठेच दिसत नाही, असं असेल तर ‘एलएसओएफ +एल१’ (कॅपिटल एल) चालवा; पुसलेली पण उघडी फाइल तिथे सापडते. जर्नलडी आपल्या फाइली स्वतःच फिरवतो, त्यामुळे या दोन्ही कटकटी त्याच्याकडे येत नाहीत.

सोलारिस किंवा फ्रीबीएसडी या लिनक्सबाहेरच्या युनिक्स प्रणाली सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुन्या सोलारिसच्या ‘सिसलॉग.कॉन्फ’मध्ये डाव्या-उजव्या भागांत टॅबच लागतो, स्पेस दिली की ओळ निकामी. आणि फ्रीबीएसडीचा सिसलॉगडी लॉगची फाइल मुळात स्वतः तयार करत नाही. ती ‘टच’ने आधी करून ठेवा, किंवा डेमनला ‘-सी’ (कॅपिटल सी) पर्याय द्या.

सिन्नरचा प्लांट आणि नाशिकचं ऑफिस

दोन जागा आल्या की जर्नलडी एकट्याने पुरत नाही. फायरवॉल आणि स्विच सिसलॉग प्रोटोकॉल बोलतात, आणि जर्नलडी नेटवर्कवरून तो ऐकत नाही. जर्नलडीची स्वतःची दूरवर पाठवण्याची सोय आहे, पण ती दुसऱ्या जर्नल-यंत्रासाठी. इथे आरसिसलॉग हवा.

पाठवण्याच्या नियमात एक ॲट-चिन्ह म्हणजे यूडीपी, दोन म्हणजे टीसीपी. यूडीपी पोर्ट ५१४ वर संदेश हरवला तर कोणालाच कळत नाही. टीसीपीचा धोका वेगळा आहे. सिन्नरच्या मुसळगावहून येणारी लाइन तुटली, रांग भरली, की पाठवणारा आरसिसलॉग स्थानिक फाइलमध्ये लिहिणंही थांबवू शकतो, आणि मग लॉग लिहू पाहणारे इतर प्रोग्रॅमही रेंगाळतात. म्हणून दूरच्या ॲक्शनला स्वतःची रांग द्या: ‘लिंक्डलिस्ट’ प्रकार, डिस्कवर उतरण्यासाठी रांगेला फाइलचं नाव, आणि पुन्हा प्रयत्नांची संख्या उणे १, म्हणजे अमर्याद. सिसलॉग-एनजीत हेच ‘डिस्क-बफर’ने होतं. सार्वजनिक इंटरनेटवरून पाठवत असाल तर टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) वापरा. त्याचं पोर्ट ६५१४.

फायरवॉलचे संदेश पोहोचतात पण फाइलमध्ये दिसत नाहीत, असं झालं तर नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं ‘टीसीपीडम्प’ लावा आणि संदेशाच्या सुरुवातीचा कोनी कंसातला आकडा पाहा. तो ८ ने भागा. भागाकार म्हणजे फॅसिलिटी (संदेश कोणत्या गटातला ते), बाकी म्हणजे तीव्रता. १३४ आला तर १६ आणि ६, म्हणजे ‘लोकल०’ आणि ‘इन्फो’. तुमचा नियम ‘लोकल७’साठी लिहिलेला असेल तर तो लागू होणारच नाही. हा हिशेब कागदावर एकदा करून पाहिला की तासभराची शोधाशोध वाचते.

१८० दिवस आणि साडेपाच तास

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवणं बंधनकारक आहे. मूळ सेटिंगवर यातला कोणताच पर्याय याची खात्री देत नाही. जर्नलडी फाइल-सिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबी जागा घेतो. ती भरली की जुनं पुसलं जातं, मग ते वीस दिवसांचं का असेना. त्यातला ‘मॅक्सरिटेन्शनसेक’ हा पर्याय फसवा वाटू शकतो: तो जुन्या नोंदी कधी पुसायच्या ते ठरवतो, किमान किती दिवस ठेवायच्या ते नाही. आरसिसलॉगसोबतचा लॉगरोटेट बहुतेक ठिकाणी आठवड्याला एक अशा चारच जुन्या फाइली ठेवतो. दोन्हीकडे आकडा स्वतः वाढवावा लागतो. पण लॉगरोटेटमध्ये दिवस मोजता येतात आणि जुन्या फाइली दाबून ठेवता येतात, म्हणून १८० दिवसांचा हिशेब दाखवायला मला आरसिसलॉग सोपा वाटतो.

वेळेचंही नीट पाहा. जुन्या सिसलॉग नमुन्यात वर्ष नसतं, टाइमझोनही नसतो. फायरवॉल यूटीसीत आणि सर्व्हर भारतीय वेळेत असेल, तर एकाच घटनेच्या दोन ओळी साडेपाच तासांनी लांब दिसतात आणि तपास भलत्या पाळीच्या माणसांवर जातो. आरसिसलॉगमध्ये ‘आरसिसलॉग_फाइलफॉरमॅट’ टेम्पलेट लावलं की पूर्ण तारीख आणि टाइमझोन येतो. जर्नलडी वेळ आतून यूटीसीतच ठेवतो आणि दाखवताना बदलतो; इथे तो निर्विवाद सरस आहे.

सिसलॉग-एनजीबद्दल माझी अडचण तांत्रिक नाही. रेड हॅट कुळात तो मूळ रिपॉझिटरीत नाही, ईपीईएल या जादा पॅकेजच्या रिपॉझिटरीतून घ्यावा लागतो. आणि तुम्ही सुट्टीवर असताना जो मुलगा सर्व्हर पाहायला येईल, त्याला आरसिसलॉगची फाइल ओळखीची असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पाच-सहा कंपन्यांची उपकरणं असतील आणि प्रत्येकाचा लॉग वेगळ्या रूपात येत असेल, तर मात्र सिसलॉग-एनजीचे पार्सर (लॉगची ओळ फोडून तिचे भाग वेगळे करणारे) हा त्रास खरोखर वाचवतात.

काहीही निवडलंत तरी ‘/व्हार/लॉग’ वेगळ्या पार्टिशनवर ठेवा, म्हणजे लॉग फुगला तरी डेटाबेसची जागा शाबूत राहते. जर्नलडी घेणाऱ्यांनी ‘सिस्टममॅक्सयूज’ त्या पार्टिशनच्या मापाने ठरवावं, आरसिसलॉग घेणाऱ्यांनी लॉगरोटेटला आकाराची मर्यादाही घालावी. मग दुपारी, कोणी काम करत नसताना, सर्व्हर रीबूट करून ‘जर्नलसीटीएल -बी -१’ किंवा कालची फाइल उघडून मागची नोंद खरंच दिसते का ते तपासा.