गरजू विद्यार्थ्याला काय द्यावं: टॅबलेट, वापरलेला लॅपटॉप की वसतिगृहात संगणक?

माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली की पहिला विचार टॅबलेटचा होतो. 'महाज्योती' या राज्य सरकारच्या संस्थेने जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅबलेट आणि डेटा दिला, तो त्या कामाला योग्यच होता. तिथे व्याख्यानं बघायची आणि सराव परीक्षा द्यायच्या असतात. पदवीचं काम निराळं. कोड लिहायचा, प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करायचा, कॉमर्सला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायचं. टॅबलेटवर हे जमत नाही. मुलं मित्राचा लॅपटॉप मागत फिरतात आणि सबमिशन राहून जातं.

म्हणून माझा कौल वापरलेल्या लॅपटॉपला. कंपन्या काही वर्षांनी आपली यंत्रं बदलतात, त्यांतली चांगली निवडता येतात. आठव्या पिढीचा किंवा पुढचा इंटेल प्रोसेसर, 8 जीबी रॅम, एसएसडी (वेगवान डिस्क), एवढं बघाच. इंटेलच्या त्याहून जुन्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. कुणी जुनं यंत्र दान दिलंच, तर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली टाकून ते प्रोग्रामिंगच्या मुलाला द्या. टॅलीला विंडोज लागतं, त्यामुळे कॉमर्सच्या मुलाला ते देऊ नका. बॅटरी आणि चार्जरचे पैसे आधीच बाजूला ठेवा. जुन्या लॅपटॉपचं दुखणं बहुधा तिथेच असतं.

वसतिगृहात चार-पाच संगणक बसवणं खर्चाला सोपं. कला शाखेच्या मुलांना महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, थोडं टायपिंग यासाठी ते पुरतात. मुलींच्या वसतिगृहात तर मी आधी हेच करेन, कारण संध्याकाळी फाटक बंद झाल्यावर त्यांना सायबर कॅफेत जाता येत नाही. पण खोलीची किल्ली कुणाकडे, रात्री ती उघडी राहणार का, हे रेक्टरांशी बोलून ठरवल्याशिवाय पैसे देऊ नका.

शिवाय ज्यांना वसतिगृहच मिळालं नाही, त्यांना या खोलीचा काय उपयोग? अनुसूचित जातीच्या अशा मुलांना स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला 60,000 रुपये मिळतात, पण त्यातले 32,000 जेवणाचे, 20,000 राहण्याचे आणि 8,000 निर्वाहाचे. शैक्षणिक साहित्याला अभियांत्रिकीच्या मुलाला वर 5,000. त्यात लॅपटॉप येत नाही. यादी करताना ही मुलं सगळ्यात वर घ्या, लॅपटॉप पहिल्याच वर्षी द्या आणि पदवीनंतर परत मागू नका. नोकरीच्या ऑनलाइन मुलाखती ती त्यावरूनच देणार आहेत.