टेली-मानस १४४१६ : बायसेक्शुअल व्यक्तींना कितपत उपयोगी?

केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास सुरू आहे. मराठी निवडता येते. झोप उडणे, सतत धास्ती, जीव द्यावासा वाटणे यांसाठी ती जरूर वापरावी; गरज पडल्यास समुपदेशक पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात.

जोडीदाराशी ताण असेल, तर मात्र एका फोनवर भागत नाही. ‘तू मला सोडून दुसऱ्या कुणाकडे जाशील’ हा संशय, मोबाइल तपासणे, ‘तुझ्या घरी सांगेन’ ही धमकी, जे घडतंय ते सुरुवातीलाच नेमकं सांगा. नाहीतर बोलणं ‘तुम्ही नक्की कोण’ यावरच अडकतं. अशी धमकी हिंसाच आहे, जोडप्यातला गैरसमज नव्हे.

नियमित समुपदेशक शोधताना फी विचारता तसंच हेही विचारा: बायसेक्शुअल असणं तुम्ही तात्पुरता टप्पा मानता का? दोघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलता का? पहिल्याला ‘हो’ किंवा दुसऱ्याला ‘नाही’ आलं, तर दुसरीकडे जा. लैंगिकता ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे तर मुळीच नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.