शंभर मण्यांची माळ : एप्रिल ते नोव्हेंबर, आठ महिन्यांचा अनुभव

लेक पहिलीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि मी तिची गणिताची वही निवांत बसून पाहिली. बेरजा बऱ्या होत्या. पण त्रेपन्न सांगितलं की ती 35 लिहायची आणि एकोणऐंशी म्हटलं की रडकुंडीला यायची. सुट्टीत शिकवणी लावायची नाही, हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ही माळ मागवली. अडीचशे रुपयांच्या आसपास पडली. आता नोव्हेंबर संपत आलाय, तेव्हा काय कामाला आलं आणि काय नाही ते सविस्तर लिहिते.

माळ म्हणजे जाड दोऱ्यात ओवलेले शंभर मणी : दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. काहीजण हिला गणितमाळ म्हणतात. आम्ही ती खिडकीच्या गजापासून दाराजवळच्या खिळ्यापर्यंत, लेकीच्या छातीच्या उंचीवर बांधली. मुलाचा हात सहज पोचला पाहिजे आणि मणी सरकले पाहिजेत, तरच उपयोग. सोबत कपडे वाळत घालायचे दोन चिमटे घ्या. चिमटा मण्यावर लावायचा नाही, मण्यानंतरच्या फटीत लावायचा. 37 म्हणजे सदतीस मणी मागे टाकले. पहिल्या आठवड्यात मी थेट सदतिसाव्या मण्यावर चिमटा लावत होते. मग ‘इथून 40 पर्यंत किती?’ विचारलं की ती कधी तीन म्हणायची, कधी चार. चूक तिची नव्हती, चिमट्याची जागा चुकत होती.

सुरुवात आकडा ओळखायच्या खेळाने केली. मी मनात एक आकडा धरायचा, तिने विचारत जायचं, मी फक्त ‘पुढे’ किंवा ‘मागे’ म्हणायचं. पहिल्या दिवशी ती बारा, तेरा, चौदा असं एकेक विचारत बसली. चौथ्या-पाचव्या दिवशी आपणहून पहिला चिमटा बरोबर मध्ये, पन्नासपाशी लावला, मी ‘मागे’ म्हटल्यावर दुसरा पंचविसापाशी. प्रत्येक वेळी उरलेल्या मण्यांचे अर्धे अर्धे करत गेलं की शंभरातला कुठलाही आकडा जास्तीत जास्त सात प्रश्नांत सापडतो. हे मी तिला सांगितलं नाही. रात्री बाबांना खेळात हरवून तीच मला सांगत आली, की अर्ध्यात विचारायचं असतं.

या माळेने आमच्याकडे सगळ्यात मोठं काम केलं ते ‘एकोण’चं. मराठीतले आकडे मुलांना जड जातात, हे आपण सगळ्यांनीच भोगलंय. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र पाच आधी. त्यात एकोणऐंशी ऐकलं की कानात ऐंशी राहतं आणि मूल 89 लिहून मोकळं होतं. एके संध्याकाळी मी तिला साठपाशी चिमटा लावायला सांगितला आणि म्हटलं, आता एकोणसाठ दाखव. ती एकावन्नापासून मोजायला लागली. मी तिचा हात धरून साठच्या चिमट्यावर ठेवला आणि एकच मणी मागे सरकवला. ती दोन क्षण बघत राहिली. मग धावत एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास सगळीकडे तसंच करून आली. ‘म्हणजे एक उणा!’ असं ती ओरडली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शब्दाचा अर्थ खरोखर तोच आहे, पण लहानपणी मला तो कुणी दाखवला नव्हता. शेवटी ती शंभरापाशी गेली, एक मणी मागे केला आणि म्हणाली, एकोणशंभर. नव्याण्णव हा शब्द तिला अजून पटलेला नाही.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मराठी बुडाली म्हणून मीही तावातावाने बोलले होते. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती, नवी पद्धत सोबतीला दिली होती. मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची भीती वाटू नये, हा त्यामागचा विचार गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा समजावून सांगितला होता. आज लेकीला माळेसमोर उभं करून ‘पन्नास तीन, म्हणजेच त्रेपन्न’ असं मीच म्हणून घेते. दोन्ही नावं एका दमात घेतली की 35 आणि 53 ची उलटापालट थांबते. आमच्या शेजारच्या वहिनी बेळगावच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. त्यांच्याकडे त्रेपन्नला ऐवत्तमूरु, म्हणजे पन्नास-तीन. त्यांच्या मुलाला ही अडचण कधी आलीच नाही. माझं तेव्हाचं बोलणं चुकीचं होतं, असं आता मनापासून वाटतं.

मे महिन्यात राजापूरकडे माहेरी गेलो तेव्हा माळ गुंडाळून डब्यात घालून नेली, पण ती तिथे फारशी लागलीच नाही. आई पडवीत बसून झावळ्यांचे हीर काढत होती, खराट्यासाठी. तिने नातीला दहा-दहा हिरांच्या जुड्या बांधायला लावल्या. दशक म्हणजे काय ते त्या जुड्यांनी जसं समजलं, तसं माळेने समजलं नव्हतं. माळ आकड्यांचा क्रम दाखवते, पुढे-मागे किती ते दाखवते. पण दहा सुटे बांधले की एक दशक होतो, आणि वजाबाकीत तो सोडावा लागतो, हे हाताने बांधल्या-सोडल्याशिवाय कळत नाही. माळ घेतलीत तरी काड्या आणि रबर घरात ठेवाच. दुपारी उन्हं उतरेपर्यंत भावंडांत बदाम सातचा डाव असायचा, त्यातही पुढचं-मागचं पान आपोआप पक्कं झालं.

आता तक्रार. जुलैत दोरा तुटला. विकणाऱ्याने इतका कच्चा दोरा वापरला होता की गाठीपाशीच विरला. मणी पलंगाखाली, कपाटाखाली गेले. जमतील तेवढे गोळा करून मी रात्री नायलॉनच्या दोरीत ओवले. पंधरा दिवसांनी लेक म्हणाली, आई, शेवटच्या लालच्या पुढे पांढरे आठच आहेत. मोजलं तर खरंच अठ्ठ्याण्णव. मधले दिवस आम्ही शंभरातून वजाबाक्या करत होतो आणि उत्तरं जुळत नव्हती. नवी माळ आली की आधी मणी मोजून घ्या आणि पहिल्याच दिवशी दोरी बदला.

बेरजेला माळ उत्तम. 38 आणि 25 ला ती आधी दोन घेऊन 40 ला जाते, मग वीस, मग तीन, 63. बाबांनी आधी वीसची उडी मारून 58 आणि मग पाच असं केलं, तेव्हा दोघांत कुणाची रीत सोपी यावर बराच वेळ चर्चा झाली. मला अशीच चर्चा हवी होती. पाढ्यांना मात्र दोन, पाच, दहापुरतीच बरी, सातच्या पाढ्याला चिमट्यांची गर्दी होते. पाढे आमच्याकडे अजूनही दिवेलागणीला आजीसोबत तोंडीच चालतात, बे एके बे, बे दुणे चार, आणि ते तसेच चालावेत.

एक कळकळीची विनंती. माळेसमोर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभं करू नका. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी घाईला येऊन रोज अर्धा तास धरला आणि दोन दिवसांत तिने माळेकडे बघणं सोडलं. आठवडाभर मी विषयच काढला नाही, तेव्हा ती परत आली.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी जरूर घ्या, किंवा मणी आणून घरीच ओवा, तेही मुलांसोबत. तिसरीत गेलेल्या मुलाला फारशी लागणार नाही. आमच्याकडे ती आता थोडी खाली बांधली आहे. धाकटा साडेतीन वर्षांचा आहे. तो लाल संपून पांढरे सुरू होतात तिथे थांबतो आणि ताईकडे बघतो, आणि ताई त्याला म्हणते, दहा झाले, पुढे चल.