पावसाळ्याआधी टायर: सेकंडहँड ब्रँडेड की नवे साधे?

आपल्याकडे कोकणात बर्फ नाही, त्यामुळे थंड देशांत वापरतात ते विंटर टायर इथे काही कामाचे नाहीत, त्यांचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खालच्या थंडीसाठी मऊ केलेलं असतं, रत्नागिरीच्या उकाड्यात ते झटकन झिजणार. आपली खरी परीक्षा जून ते सप्टेंबर, कुंभार्ली नाहीतर आंबा घाटात, रस्त्यावर लाल मातीचा चिखल आलेला असतो तेव्हा.

सेकंडहँड ब्रँडेड टायर स्वस्त पडतात आणि नक्षी पण बरी दिसते, मान्य. पण साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, चार आकडी कोड बघा, २२१९ म्हणजे २०१९ चा २२वा आठवडा, इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं, ओल्यात पकडच देत नाही. मी असेच दोन घेतले होते, एका वळणावर गाडी मागून सरकली, पोरं गाडीत होती, तेव्हापासून नाही म्हणजे नाही. आतून पंक्चर किती काढलेत तेही बाहेरून कळत नाही.

नवे साधे टायर थोडे आवाज करतील, पण खाचा ७-८ मिमी खोल मिळतात, पाणी तिथूनच बाहेर जातं. कायद्याने १.६ मिमी चालतं, पण मी पावसात ३ च्या खाली जाऊ देत नाही.

बजेट दोनच टायरचं असेल तर नवे मागच्या चाकांना लावा, दुकानदार पुढे लाव म्हणाला तरी, कारण मागची पकड सुटली की गाडी फिरते आणि ती सावरणं फार कठीण.