अ‍ॅपवर ०.० अँपिअर: मोटरहोमच्या लिथियम बॅटऱ्या, अकरा महिन्यांनंतर

आधी तक्रार, कौतुक नंतर. गाडीतला एक एलईडी दिवा चालू आहे, गॅस डिटेक्टर जागा आहे, फ्रीज गॅसवर असला तरी त्याचं कंट्रोल बोर्ड वीज घेतंय, आणि बॅटरीचं अ‍ॅप मला सांगतंय ०.० अँपिअर. दिवा डोळ्यांसमोर जळतोय आणि हिशेबात शून्य! बाकी सगळं मी माफ करीन, पण हे नाही. माझे बाबा सांगलीत पतसंस्थेत कीर्द लिहायचे. चार आण्यांचा फरक असला तरी तो सापडल्याशिवाय घरी येत नसत. त्या घरात वाढलेल्या माणसाला हे शून्य सहन होत नाही.

आमची गाडी म्हणजे फोर्ड ई-३५० वरची २४ फुटी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली) मोटरहोम, सेकंड हँड घेतलेली. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. सोसायटीत मोटरहोम उभी करायला परवानगी नाही, म्हणून ती स्टोरेज यार्डात असते, पत्र्याच्या शेडखाली. तिथे प्लग नाही आणि छतावरच्या २०० वॉट सोलरला ऊनही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जुन्या हाउस बॅटऱ्या (इंजिनची वेगळी, या गाडीतल्या राहत्या भागाच्या) म्हणजे सहा व्होल्टच्या दोन गोल्फ-कार्ट बॅटऱ्या, सिरीजमध्ये, २२५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज). त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर जीव सोडला. मॅदर कॅम्पग्राउंड, उंची सात हजार फुटांच्या आसपास, बाहेर बर्फाळ थंडी, आणि सोबत सांगलीहून आलेली माझी आई. पहाटे तीनला फर्नेसमधून गार वारा यायला लागला. ज्यांच्याकडे फर्नेस आहे त्यांना हे ठाऊक असेल: व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो, हवेच्या जोरानं दाबला जाणारा सेल स्विच लागत नाही, आणि तो लागला नाही तर बर्नर पेटतच नाही. पंखा मात्र उरलेली बॅटरी संपेपर्यंत गार हवा फेकत राहतो. रात्री जनरेटर लावायला मनाई. आईला दोन गोधड्या आणि माझं जॅकेट घातलं. उजाडल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "बॅटरीत पाणी घातलं होतंस का गं?"

सांगलीच्या घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम तिचंच. लोडशेडिंगच्या काळापासून तिनं त्यात कधी खंड पडू दिला नाही. मी एप्रिलपासून झाकण उघडलं नव्हतं. उघडलं तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. शेडखाली अर्धवट चार्ज राहून प्लेटांवर सल्फेटचा थर बसला असणार, तो वेगळाच. दोष पूर्णपणे माझा होता, आणि मला तो आजही लागतो.

मग हिशेब मांडला. पुन्हा त्याच बॅटऱ्या घेतल्या तर अडीचशे डॉलरच्या आत काम होत होतं. पण लेड-अ‍ॅसिड टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ११० एएच. शिवाय वजन प्रत्येकी २८ किलो आणि पाण्याची जबाबदारी. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १०० एएचच्या दोन बॅटऱ्या ५२० डॉलरला मिळत होत्या, जवळजवळ पूर्ण वापरता येणाऱ्या, प्रत्येकी बारा किलोच्या आत. एका आरव्हीच्या (मोटरहोमच्या) दुकानानं सगळं बसवून देण्याचे ४,२०० डॉलर सांगितले. मी बॅटऱ्या, क्लास टी फ्यूज, जाड केबल आणि तिच्या टोकांचे लग्ज मिळून ७२० डॉलरमध्ये घरीच बसवल्या. क्लास टी फ्यूजवर पैसे वाचवू नका. या बॅटऱ्यांचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर वाहू शकतात, आणि तेवढा प्रवाह तोडायची ताकद साध्या फ्यूजमध्ये नसते.

पैसे वाचवायला मी भलतीच जागा निवडली. विक्रेत्याच्या पानावर "ड्रॉप-इन" असं ठळक लिहिलेलं होतं: जुनी काढा, नवी ठेवा. म्हणून जुना कन्व्हर्टर, म्हणजे प्लगच्या किंवा जनरेटरच्या विजेवर बॅटरी भरणारा डबा, तसाच ठेवला. अल्टरनेटरचं मात्र वाचलं होतं की लिथियम त्यातून मिळेल तेवढा करंट ओढते आणि इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तो तापून जळू शकतो. तेव्हा इंजिन आणि हाउस बॅटरी जोडणाऱ्या रिलेची वायर काढून ठेवली आणि डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना अल्टरनेटरकडून बेताचाच करंट घेऊन बॅटरी भरणारा) "पुढच्या वर्षी बघू" म्हणून सोडून दिला.

पहिले दोन महिने मी प्रेमातच होते. ज्या दिवशी इन्स्टंट पॉट (विजेचा प्रेशर कुकर) इन्व्हर्टरवर लावला, त्या दिवशी आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे होतो. हजार वॉट म्हणजे बॅटरीकडून ९० अँपिअरच्या आसपास. जुन्या जोडीवर एवढा भार टाकला की व्होल्टेज कोसळायचं आणि इन्व्हर्टर कोकलायला लागायचा. इथे व्होल्टेज १२.८ च्या खाली गेलं नाही. वरण-भात झाला, खर्च साधारण २० एएच. जनरेटर नाही, आवाज नाही, शेजारच्या तंबूतल्यांची नजर चुकवणं नाही. मुलीनं मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी केली. कॅम्पवर गरम वरण-भात-तूप खायला मी दर वेळी गॅसचा हिशेब करायची, तो थांबला. या एका गोष्टीसाठी मी लिथियम पुन्हा घेईन.

जानेवारीत योसेमिटीला अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये पहिला झटका बसला. दरीचा तो भाग हिवाळ्यात उशिरापर्यंत सावलीत असतो. सकाळी जनरेटर लावला, तर चार्जिंग शून्य. हे शून्य मात्र खरं होतं: बॅटरीचं तापमान उणे २ अंश, आणि बीएमएसनं (बॅटरीच्या आतलं, तिची राखण करणारं सर्किट) चार्जिंग बंद केलेलं. ० अंशाखाली चार्ज केलं तर लिथियम ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर धातू होऊन साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. वीज द्यायला अडचण नव्हती, फक्त घ्यायला. चूक जागेची होती. जुन्या बॅटऱ्या हायड्रोजन सोडायच्या, म्हणून पायरीखालच्या हवेशीर पेटीत असायच्या. नव्यांनाही मी तिथेच ठेवलं होतं. घरी आल्यावर त्या आत, डिनेटच्या (जेवायच्या टेबलाच्या) बाकाखाली हलवल्या. केबल लांबली, ४० डॉलर आणखी गेले. हीटर असलेल्या महागड्या बॅटऱ्या घेण्यापेक्षा हा उपाय मला पटला, आणि त्यानंतर थंडीचा त्रास झाला नाही.

आता मूळ भांडणाकडे येते.

मार्चमध्ये जोशुआ ट्रीला निघालो. आदल्या आठवड्यात गाडी घरापुढे एक रात्र प्लगला लावली होती, अ‍ॅपवर ९२ टक्के. मग आठ दिवस शेडखाली. निघताना अ‍ॅपवर ९२ च. तिथल्या जंबो रॉक्स कॅम्पग्राउंडला पोचेपर्यंत सोलरनं अ‍ॅपवरचा आकडा १०० वर नेला. दुसऱ्या रात्री साडेअकराला अ‍ॅपवर ४१ टक्के दिसत असताना सगळी गाडी काळोखात गेली. फर्नेस, फ्रीज, पंप, गॅस डिटेक्टर, सगळंच बंद. जनरेटर सुरू व्हायला हाउस बॅटरीच लागते. इंजिनची बॅटरी जोडून घ्यायचं आणीबाणीचं बटण दाबलं, तर रिलेची वायर मीच काढून ठेवलेली. सकाळी जनरेटरची वेळ झाल्यावर इंजिनच्या बॅटरीपासून जंपर केबल लावून बीएमएस जागं केलं, तेव्हा कुठे जनरेटर लागला.

४१ टक्के! २०० पैकी ८२ एएच गेले कुठे?

कंपनीला त्याच दिवशी लिहिलं. त्यांनी आधी व्हिडिओ मागितला, मग मल्टिमीटरचा फोटो, मग बिल, मग पुन्हा व्हिडिओ. अकरा दिवसांनी उत्तर आलं: एक अँपिअरच्या खालचा करंट बीएमएस मोजत नाही आणि अ‍ॅपवरचे टक्के केवळ अंदाजासाठी आहेत. हे माहितीपुस्तिकेत कुठे लिहिलं आहे, असं विचारलं. तर ३० डॉलरचं कूपन पाठवलं. मला कूपन नको होतं. त्यांनी ते वाक्य विक्रीच्या पानावर छापावं एवढंच माझं म्हणणं होतं. आजपर्यंत छापलेलं नाही.

एव्हाना माझी खात्री झाली होती की दोनपैकी एक बॅटरी नासकी आहे आणि हे लोक ती लपवताहेत. परत पाठवायच्या आधी पुरावा हवा, म्हणून १२० डॉलरचा शंट घेतला. ऋण तारेत बसवायची धातूची पट्टी ती. तिच्यावर पडणारं मिलिव्होल्टमधलं व्होल्टेज मोजून करंट काढतात, आणि बारीकसारीक वापरही त्यात नोंदला जातो. दोन्ही बॅटऱ्या १४.४ व्होल्टला पूर्ण भरल्या, इन्व्हर्टरवर छोटा हीटर लावला आणि तीन तास समोर बसून राहिले. बंद पडेपर्यंत शंटनं मोजले २०३ एएच.

म्हणजे बॅटऱ्या चोख होत्या. मी त्यांच्यावर उगाच आळ घेतला होता, खोटं फक्त अ‍ॅप बोलत होतं. त्या संध्याकाळी माझा राग निम्मा उतरला आणि उरलेला निम्मा जास्त नेमका झाला.

शंटनं मग खरी गळती दाखवली. गाडीत सगळं "बंद" असताना ०.६ अँपिअर जात होते: गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, फ्रीजचं बोर्ड, इन्व्हर्टरचा रिमोट. दाराजवळचा बॅटरी डिसकनेक्ट स्विच यातलं काहीच तोडत नाही, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ०.६ गुणिले २४ म्हणजे दिवसाला १४.४ एएच. आठ दिवसांचे ११५. निम्म्याहून जास्त बॅटरी शेडखालीच संपली होती आणि अ‍ॅपनं त्यातला एक थेंबही लिहिला नव्हता.

यात आणखी एक गोम आहे आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. बॅटऱ्या पॅरलल जोडल्या की करंट वाटला जातो. दीड अँपिअरचा भार असला तरी प्रत्येक बीएमएसला पाऊणच दिसतो, म्हणजे तोही मोजणीतून सुटतो. बॅटऱ्या जितक्या वाढवाल तितका हिशेब जास्त चुकेल. चार जोडणाऱ्यांचं काय होत असेल?

व्होल्टेज बघून टक्के काढू म्हणाल, तर तेही जमत नाही. लेड-अ‍ॅसिडला १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी, असं ढोबळ तरी कळायचं. इथे ७० टक्के आणि ४० टक्के यांत दशांश व्होल्टचा फरक असतो. मोजणीशिवाय मार्ग नाही आणि मोजणीच अर्धवट. मधूनमधून बॅटरी पूर्ण भरली तर अ‍ॅप आपला आकडा १०० वर आणून ताळा जुळवून घेतं. पण माझा जुना कन्व्हर्टर १३.६ व्होल्टच्या वर जातच नव्हता, त्यामुळे ती वेळ कधी येतच नसे. सेल एकमेकांशी समतोल व्हायलाही वरचं व्होल्टेज लागतं, तेही राहून जात होतं. "ड्रॉप-इन" या शब्दावर विसंबून मी १९० डॉलर वाचवले होते.

मे महिन्यात लिथियमचा कन्व्हर्टर घेतला, १९० डॉलर. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर २३० डॉलर. आता दोन तास गाडी चालवली की ६० एएच जमा होतात, आणि हा चार्जर मी पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता. शंट, कन्व्हर्टर, चार्जर आणि लांबवलेली केबल धरून एकूण १,३०० डॉलर झाले. यातला शंट मी सर्वांत आधी घेईन, बॅटरीच्याही आधी. जुन्या बॅटऱ्यांवर तो असता तर ग्रँड कॅन्यनची रात्रही टळली असती, कारण त्या किती खचल्या आहेत ते मला दिसलं असतं.

शंट बसवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासा. बॅटरीच्या ऋण टोकावर शंटकडे जाणारी एकच जाड केबल हवी, बाकी सगळ्या काळ्या वायरी शंटच्या पलीकडे. माझी सांगाड्याला जाणारी एक वायर थेट बॅटरीवर राहिली होती. पंप चालू केला तरी शंटवर काटा हलेना, तेव्हा पुन्हा ते शून्य बघून मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बाकाखाली झोपून एकेक वायर हातानं चाचपत गेले आणि ती सापडली.

बॅटरीच्या धन टोकाशी आता एक मोठा स्विच बसवला आहे, सगळं तोडणारा. गॅसच्या टाकीचा वॉल्व्ह बंद केल्याशिवाय तो फिरवायचा नाही असा घरात नियम आहे, कारण त्यानं डिटेक्टरही बंद होतो. ऑगस्टमध्ये गाडी शेडखाली लावताना ५८ टक्के होते. आई आता फोनवर पाण्याबद्दल विचारत नाही, "किती टक्के?" असं विचारते. सहा आठवड्यांनी स्विच फिरवला तेव्हा शंटवर ५८ होते. मग पूर्ण भरून बघितली: ८५ एएच आत गेले. ५८ ला ८४ जायला हवे होते.